माळ्यावरचा खोका : सणाचं सामान कुठे ठेवता, आणि डिसेंबरात डोकं ठिकाणावर कसं ठेवता?

चरईची_चांदणी
काल नवऱ्याला माळ्यावर चढवलं. नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचा, म्हणजे आगमनकाळाचा पहिला रविवार, आमच्याकडे त्या दिवशी नाताळचा खोका खाली येतो. खोका एका टीव्हीचा आहे, तो टीव्ही भंगारात जाऊन पंधरा वर्षं झाली पण खोका ठणठणीत. सासूबाई गेल्यापासून तीन वर्षं आम्ही गोठा (येशूजन्माचा बाहुल्यांचा देखावा) काढलाच नव्हता, पहिल्या वर्षी मन नव्हतं आणि नंतर खरं सांगायचं तर आळस. नुसता तारा लावायचा, झाड उभं करायचं, आणि जानेवारीत दोन्ही वरच्या वर कोंबायचं.

यंदा लेक हटून बसली म्हणून तळापर्यंत गेले. प्रत्येक बाहुली सासऱ्यांच्या जुन्या बनियनच्या तुकड्यात गुंडाळलेली, वर दोऱ्याचे दोन वेढे आणि सुरगाठ. पक्की गाठ नाहीच कुठे, कारण "ऐन वेळी कात्री सापडत नाही" असं त्या म्हणायच्या. योसेफच्या हातातली काठी वेगळी, कॅमेऱ्याच्या रोलच्या डबीत, कापसात. आणि वरच्या थरात माझं काम, म्हणजे कॅरीबॅगा, दिव्यांच्या माळेचा गुंता आणि झाडाचा लोखंडी स्टँड जो मी थेट मेंढरावर ठेवला होता. मेंढराचा कान तुटला. माळ सोडवण्यात पाऊण तास गेला, त्यात लेकीवर ओरडले, दूध उतू गेलं.

त्यांच्या वेळी डिसेंबर कधी अंगावर आल्यासारखा वाटला नाही. त्या पुढच्या डिसेंबरची कामं जानेवारीतच उरकत होत्या हे काल कळलं. तर तुमचं सांगा, नाताळच हवं असं नाही, मखर, कंदील, रांगोळीचे डबे, काहीही चालेल.

सुरण_खाजवतंय
खोक्यावर काही लिहिलेलं नव्हतं का?

चरईची_चांदणी
होतं. "गोठा. उलटा ठेवू नये."

सुरण_खाजवतंय
आणि कसा ठेवला होता?

चरईची_चांदणी
उलटा.

घोडबंदरकर
हाहाहा. आमचा अख्खा गणपती हायड्रॉलिक बेडच्या पोटात असतो. काढायचा तर आधी गादीवरून बायको उठवावी लागते, हा खरा स्ट्रेस. २०१८ ला थर्माकोल बंद झाला तेव्हापासून पाइपचा सांगाडा आणि कापडी पडदे, पाइपांवर मार्करने १ ते १४ नंबर घातलेत म्हणजे जोडताना भांडण नको. ९ नंबर हरवलाय. तिथे दरवर्षी लाटणं बांधतो आणि त्यावर झेंडूची माळ सोडतो, पाच वर्षांत एकाही पाहुण्याला कळलेलं नाही.

नेरुळची_नणंद
९ नंबरच्या जागी लाटणं म्हणजे गौरीच्या दिवशी पोळ्या कशाने लाटता?

घोडबंदरकर
वहिनी तो प्रश्न आमच्या घरात विचारायचा नसतो

नेरुळची_नणंद
चांदणी माळेचं सांगते, जाड पुठ्ठा घे साधारण वहीएवढा, दोन्ही कडांना खाचा मार आणि गुंडाळताना प्लगचं टोक सगळ्यात शेवटी बाहेर राहू दे म्हणजे पुढच्या वर्षी न उलगडता मिनिटभर लावून बघता येते चालू आहे की नाही. बंद माळ जपून ठेवायची नाही, मी चार वर्षं एक मेलेली माळ प्रेमाने गुंडाळत होते. आणि त्या सेलवाल्या मेणबत्त्या असतील तर सेल काढ बाई, माझ्या सहाच्या सहा गेल्या, आत पांढरं पांढरं फुटून आलं होतं. कुकरची शिट्टी झाली, येते नंतर.

वाशीची_काकू
अंड्याच्या ट्रेमध्ये नाताळच्या झाडाचे गोळे ठेवायची आयडिया मला कोणीतरी दिली होती ती कोणी करू नका, झुरळांनी संसार थाटला त्यात. आता मी सफरचंद-पेरला ती फोमची जाळी असते ना मोज्यासारखी, ती वर्षभर जमवते, एकेक गोळा एकेका जाळीत, बरोब्बर बसतो. फळवाला मला येताना बघूनच रिकाम्या जाळ्या बाजूला काढतो. आणि डांबरगोळ्या टाकू नका प्लास्टिकच्या सामानात, माझे दोन चमकीचे गोळे मऊ पडून एकमेकांना चिकटले, रंगपण गेला. बुटांच्या खोक्यात ज्या पांढऱ्या पुड्या येतात ओल शोषायच्या त्या टाकायच्या.

सुरण_खाजवतंय
काकू तुम्ही ख्रिस्ती नाही ना, मग गोळे कशाला?

वाशीची_काकू
नातू आहे चार वर्षांचा. पुढे काही सांगायला हवं का?

खारघर_सेक्टरवाली
ठेवायचं सोडा, मला डिसेंबरच नको झालाय. रात्री दहाला शाळेच्या ग्रुपवर मेसेज, उद्या लाल टीशर्ट आणि सांताची टोपी. दहाला!! नवऱ्याचं इयर एंड, माझं ऑडिट, सोसायटीत सीक्रेट सांता, ऑफिसात वेगळा सीक्रेट सांता, आणि सोसायटीचा सांता कोण तर आमचेच हे, कारण पोट तयार आहे. गेल्या वर्षी कापसाची दाढी लावून इतके शिंकले की मुलांना वाटलं सांताला खरंच थंडी वाजतेय. यंदा मी एकच केलंय, दोन्ही सीक्रेट सांतांना नाही म्हटलं. कोणी काही बोललं नाही. उलट तिघींनी खाजगीत विचारलं तू कसं काय नाही म्हटलंस गं

वसईची_लेक_ऐरोलीची_सून
चांदणीताई रडवलंत, बनियनचं वाचून. माहेरी आमच्याकडे गोठा म्हणजे घराच्या पुढच्या अंगणात, खरा पेंढा, आणि पंधरा दिवस आधी नाचणी पेरायची पसरट डब्यात, नाताळपर्यंत हिरवंगार शेत तयार. नाताळ सरला की पेंढा शेजारच्या गोठ्यात गुरांना आणि नाचणी कोंबड्यांना, ठेवायला उरायच्या फक्त बाहुल्या. ऐरोलीला वन बीएचकेत आले तेव्हा कळलं सण ठेवायलाही जागा लागते. २०२३ ला फादर प्रवचनात सांगत होते पहिल्या गोठ्याला आठशे वर्षं झाली, असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेचिओ गावात मांडला होता, जिवंत बैल आणि जिवंत गाढव आणून. मी मनात म्हटलं बरंय, सहा जानेवारीला दोघं आपल्या पायांनी घरी गेले असतील, माळ्यावर चढवायला नकोत.

आमच्यात तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे त्याच सहा जानेवारीपर्यंत, सगळं मांडलेलं राहतं आणि मग उतरवायचं. उतरवताना मी आता मोबाइलवर फोटो काढते, आधी मांडलेल्याचा मग भरलेल्या खोक्याचा, म्हणजे कुठलं कुठे होतं ह्यावरून नणंदेशी वाद नाही. बाळ येशू मात्र खोक्यात नाही, माझ्या कपाटात साडीच्या घडीत, कारण तो चोवीसच्या रात्रीच ठेवायचा असतो आणि एका वर्षी तो सापडेचना, चर्चमधल्या मिस्साची वेळ झाली आणि सगळं घर पालथं, शेवटी गव्हाण रिकामीच ठेवून गेलो. परत आल्यावर मिळाला. मिक्सरच्या खोक्यात होता, का ते विचारू नका.

स्ट्रेसचं म्हणाल तर फराळात आहे. सासूबाईंना कलकल, नेवऱ्या, केक, मिल्क क्रीम सगळं घरचं हवं आणि तेही सतरा घरी वाटायला. मी दोन वर्षं रात्री दोनपर्यंत बसून कंगव्यावर कलकल वळलेत (नवा कंगवा हो, फक्त त्यासाठीचा), तिसऱ्या वर्षी पाठ धरली तशी सांगितलं, आई ह्यावेळी दोनच पदार्थ, पण वळायला सगळे बसणार, मुलगेही. दीर इंजिनियर आहे, त्याचे कलकल सगळे एका मापाचे. आता तो दुसऱ्या कोणाला वळू देत नाही.

सुरण_खाजवतंय
दीर अविवाहित आहे का, एका बहिणीसाठी विचारतोय

वसईची_लेक_ऐरोलीची_सून
आहे पण रांगेत या, कलकलची ख्याती पसरली आहे

कळव्याचा_दादा
आमचा खोका तळमजल्यावर पलंगाखाली असायचा. २६ जुलै २००५. पाणी कमरेला लागलं घरात, तिसऱ्या दिवशी खोका उचलला तर बूड खालीच राहिलं. आईने फक्त पितळी घंटा काढून घेतली बाकी गाळाबरोबर गेलं. तेव्हापासून सगळं वरच ठेवतो, अगदी वर, आता मी एकटा चढू शकत नाही तो भाग वेगळा.

वाशीची_काकू
दादा अरेरे. घंटा आहे का अजून?

कळव्याचा_दादा
आहे, देवघरात आहे. आमच्याकडे नाताळ नसतो, गणपतीचंच सामान होतं ते.

घोडबंदरकर
सोसायट्यांचं काय तुमच्याकडे? आमच्या सेक्रेटरीने नोटीस लावली पॅसेजमध्ये व जिन्यात सामान ठेवू नये. बरोबर आहे, आग लागली तर पळायचं कुठून. पण मग त्यांची स्वतःची सायकल, दोन कुंड्या आणि गेल्या दिवाळीचा कंदील तिथेच कसा काय?

नेरुळची_नणंद
सगळीकडे तेच. आले परत. कंदील घडीचा घ्यायचा हो, मिटवून गादीखाली सपाट जातो, कागदाचा ताराही तसाच जातो फक्त मधली काडी आधी काढायची नाहीतर भोक पडतं. माझ्या ताऱ्याला तीन ठिकाणी सेलोटेप आहे, आतून. लांबून दिसत नाही.

मसालेदार_माजिवडा
धागा बदलतोय त्याबद्दल सॉरी पण इथे इतके जण आहेत म्हणून, ठाण्यात घरगुती बाटली मसाला कोणी करून देतं का? माझ्या शेजारच्या आंटी द्यायच्या, त्या मुलाकडे गेल्या.

खारघर_सेक्टरवाली
बाटली मसाला म्हणजे?

वसईची_लेक_ऐरोलीची_सून
आपल्या मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा, वीसेक जिन्नस असतात, उन्हाळ्यात कुटून बाटल्यांत दाबून भरतात. वसईच्या चुलतबहिणीला विचारून सांगते.

चरईची_चांदणी
बापरे एवढे रिप्लाय. नणंदबाईंचा पुठ्ठा केला, माळ गुंडाळली आणि मग आठवलं की अजून सण व्हायचाय, परत उलगडली. मेंढराच्या कानाचं काय करू? प्लास्टरची बाहुली आहे, तुकडा मिळत नाहीये.

कळव्याचा_दादा
एम-सील मळून कान घडवायचा. ओलं बोट फिरवलं की गुळगुळीत होतो. एक रात्र हात लावायचा नाही मग पांढरा रंग.

सुरण_खाजवतंय
किंवा दुसरा पण तोडा, मॅचिंग होईल

चरईची_चांदणी
दादा केला हो एम-सीलचा. जरा लांब झाला. नवरा म्हणतो ससा दिसतोय. लेकीने खोक्यावर आजीच्या अक्षराखाली स्केचपेनने लिहून टाकलंय, "ससा पण आहे".

मसालेदार_माजिवडा
चुलतबहीण काय म्हणाली?