गुण जास्त, तरी पर्सेंटाइल कमी: सीईटीची ही पद्धत न्याय्य आहे का?

प्रश्न:
एमएचटी-सीईटी या महाराष्ट्रातल्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात एका शिफ्टमध्ये 200 पैकी 130 मिळवणारा पुढे जातो आणि दुसऱ्या शिफ्टमध्ये 136 मिळवणारा मागे राहतो, असं होऊ शकतं. पेपर वेगळे असतात हे मान्य, पण हा न्याय कसा? शिवाय तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी एकूण पर्सेंटाइलशी का जुळत नाही?

उत्तर 1:
पर्सेंटाइल असं काढतात: आपल्या शिफ्टमध्ये आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण किती जणांना, ती संख्या घ्या. तिला शिफ्टला हजर असलेल्यांच्या संख्येने भागा, 100 ने गुणा. गैरहजर धरायचे नाहीत. समजा दोन्हीकडे 20,000 बसले. अवघड पेपरात 130 किंवा त्याखाली 19,400 जण असतील तर 97 पर्सेंटाइल. सोप्या पेपरात 136 किंवा त्याखाली 19,000 असतील तर 95. तिथे पुढे गेलेलेच जास्त आहेत.

सरासरी काढूच नका. एकूण पर्सेंटाइल मूळ गुणांच्या बेरजेवरून वेगळं काढतात, आणि त्या बेरजेत गणित 100 चं, भौतिक आणि रसायन 50-50 चे. दोघांचं एकूण पर्सेंटाइल सारखं आलं की मग विषय बघतात: आधी गणित, नंतर भौतिक, नंतर रसायन.

उत्तर 2:
हिशेब बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट धरून चाललेत: प्रत्येक शिफ्टमधली मुलं साधारण सारख्याच तयारीची आहेत. वाटप चिठ्ठ्या टाकल्यासारखं झालं आणि मुलं हजारोंनी असली, तर हे बरंचसं खरं ठरतं. छोट्या शिफ्टमध्ये गडबड होते. 800 जणांत एक विद्यार्थी म्हणजे 0.125 पर्सेंटाइल, 20,000 मध्ये तो फक्त 0.005. शिवाय प्रत्येक शिफ्टचा पहिला 100 वरच, मग शिफ्ट कशीही असो. म्हणजे दशांशावर प्रवेश ठरतात त्या वरच्या टोकालाच ही पद्धत सगळ्यात कच्ची आहे.

पेपरातच चुकीच्या छापलेल्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना दिले तरी नुकसान पूर्ण भरून निघत नाही. गणिताला 50 प्रश्नांसाठी 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 108 सेकंद. त्या प्रश्नावर चार मिनिटं झटलेल्याचे दोन प्रश्न गेलेले असतात.

प्रश्नकर्ता:
मग सगळ्यांना एकच पेपर का नको?

उत्तर 3:
शक्य असेल तिथे तोच हवा. नीट-पीजी, म्हणजे वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा, 2024 मध्ये दोन शिफ्टमध्ये झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 3 ऑगस्ट 2025 ला एकाच शिफ्टमध्ये घेतली. संगणकावरच्या परीक्षेला मात्र एकाच वेळी तेवढे संगणक आणि सुरक्षित केंद्रं लागतात. आणि एक पेपर म्हणजे वाद मिटला असंही नाही. नीट-यूजी, म्हणजे बारावीनंतरच्या वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा; तिच्यात 2024 मध्ये वेळ कमी मिळाल्याबद्दल 1,563 जणांना वाढीव गुण दिले. बरोबरला 4 आणि चुकीला उणे 1 असताना 718 किंवा 719 येऊच शकत नाहीत, तरी ते निकालात दिसले. शेवटी ते गुण मागे घेऊन 23 जूनला फेरपरीक्षेचा पर्याय द्यावा लागला.

तिसरा मार्गही आहे: वेगवेगळ्या पेपरांत काही प्रश्न समान ठेवायचे आणि त्यांवरून काठिण्य जुळवायचं. पण ते प्रश्न गुप्त राहायला हवेत. सीईटीत मुलांना आपले प्रश्न आणि उत्तरतालिका बघून हरकत घेता येते. हा हक्क सोडून अधिक नेमकं पर्सेंटाइल मिळत असेल, तर तो सौदा मला मान्य नाही.