गॅलिव्हॅट म्हणजे गलबतच का?

प्रश्न : आंग्र्यांच्या आरमाराविषयी जुन्या इंग्रजी पुस्तकांत 'ग्रॅब्ज अँड गॅलिव्हॅट्स' ही जोडी सारखी भेटते. गॅलिव्हॅट म्हणजे आपलं गलबतच ना? की इंग्रजांचा शब्द आपण घेतला?

प्रतिसाद १ : गलबतच. पण गलबत तरी मूळचं आपलं कुठे? कोशकार पोर्तुगीज 'गालेओता'कडे बोट दाखवतात, म्हणजे वल्ह्यांचं छोटं लढाऊ जहाज. त्यामागे मध्ययुगीन ग्रीक 'गालेआ', आणि तिथून पुढे माग लागत नाही. 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाचा (१८८६) कौलही गालेओतालाच आहे. माझी पुस्ती एवढीच : गालेओतात 'ब' नाही की 'व' नाही, मग गॅलिव्हॅटमध्ये 'व' कुठून उपटला? पोर्तुगिजांचा शब्द इंग्रजांनी कोकणी खलाशांच्या तोंडून ऐकला असावा, असं मला वाटतं.

प्रतिसाद २ : आज गलबत म्हणजे कुठलंही शिडाचं जहाज. तेव्हा तसं नव्हतं. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातल्या इतिहासकाराने बारकाईने लिहून ठेवलंय : मोठ्यात मोठं गलबत सहसा ७० टनांच्या आतलं, डोलकाठ्या दोन, मोठीवर एकच भलंथोरलं तिकोनी शीड. वजन कमी राहावं म्हणून बहुतेकांचा डेक चिरलेल्या बांबूंचा. ४०-५० वल्ही मारली की तासाला ४ मैल. वारा पडला की हीच गलबतं मोठ्या 'ग्रॅब' जहाजांना दोराने ओढत शत्रूपर्यंत नेत. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह हे इंग्रज सेनानी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून आले, तेव्हा बंदरातलं हे आरमार जळालं.

प्रश्न : आणि ग्रॅब? इंग्रजी 'ग्रॅब'वरून, झडप घालणारं जहाज म्हणून?

प्रतिसाद २ : छे! ते आपलं गुराब. अरबी 'घुराब' म्हणजे कावळा. आंग्र्यांना चाचे म्हणणाऱ्यांना इंग्रजी अर्थ सोयीचा वाटला असेल, ते वेगळं.

प्रतिसाद ३ : 'जॉली-बोट' (मोठ्या जहाजावरची छोटी होडी) हा इंग्रजी शब्दसुद्धा गॅलिव्हॅटवरून आल्याचं वाचलं होतं.

प्रतिसाद १ : ती कल्पना 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये आहे खरी. पण तशाच होडीसाठी 'जॉलीवॅट' हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या अखेरीसच सापडतो, आणि पोर्तुगिजांचा वास्को द गामा कालिकतला पोचलाच मुळी १४९८ला; मग इथला शब्द तिकडे इतक्या लवकर कसा पोचणार? जॉली-बोटीचं मूळ डच-डॅनिशमध्ये शोधणारेही आहेत. कोकणातून ती गेली असेल, हे मला तरी पटत नाही.