पांढरा रस्सा गोड? की माझीच जीभ गेली?

मूळ प्रश्न – राजारामपुरी_ते_कोथरूड

कोल्हापूरकरांनो, एक शंका आहे. हसू नका.

लेकीचं लग्न ठरलंय. व्याही नागपूरचे, म्हणजे झणझणीत सावजी रस्सा खाऊन वाढलेली माणसं. मागच्या रविवारी त्यांना अंबाबाईला घेऊन गेलो. सकाळी दर्शन, रात्री मटण, हा आमचा नेहमीचा क्रम. सातारा सोडल्यापासून मी एकच टकळी लावली होती: रात्री तुम्हाला कुठे नेतो बघा!

ही खानावळ मला १९९६ पासून माहीत. तेव्हा राजारामपुरीत खोली घेऊन चौघं राहायचो. मेसला रविवारी रात्री सुट्टी, मग पैसे काढून इथं. वाड्याची पुढची पडवी, सहा टेबलं, आत मावशी स्वतः चुलीपुढे. पांढऱ्या रश्श्याच्या वाटीत तळाला एखादी लवंग आणि खसखशीचा बारीक रवा राहायचा. तो बोटाने पुसून घेतल्याशिवाय उठायचो नाही. मावशी ते बघायच्या आणि न विचारता परत वाढायच्या.

आता एसी हॉल झालाय. झाला तर झाला, माझं काही म्हणणं नाही. पण ताट आलं आणि पहिल्या घोटालाच मला कसंतरी झालं. पांढरा रस्सा दाट, पिठूळ आणि चक्क गोडसर. दोन मिनिटं तसाच ठेवला तर वर खिरीसारखी साय धरली. तांबडा दिसायला लालभडक, पण जाळ ओठांपर्यंतच, घशात काही उतरत नाही. सुक्क्यातले तुकडे मऊ होते, पण मसाला वरून चोपडल्यासारखा. भाकरी तेवढी चांगली, गरम आणि पातळ.

व्याही भला माणूस. म्हणाले, "छान आहे, जरा सौम्य आहे." सौम्य! नागपूरकराने कोल्हापूरच्या ताटाला सौम्य म्हणावं?

गल्ल्यावर मावशींचा मुलगा होता. त्याला मी हाफ पँटीत पाहिलाय. त्याने विचारलं, "काका, कसं झालं जेवण?" मी म्हणालो, "एक नंबर." गाडीत बसल्यावर ही म्हणाली, "खोटं बोलायला वेगळे पैसे पडत नाहीत वाटतं."

तर प्रश्न दोन. हे नक्की काय बिघडलंय, की पन्नाशीत जीभच बोथट होते? आणि त्या पोराला सांगावं का? नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया अंदाजही बांधू नका.

उत्तर – पाटा_वरवंटा

जीभ शाबूत आहे तुमची. मी बारा वर्षं लग्नाच्या पंगती केल्या, त्यावरून सांगतो.

दोन्ही रश्श्यांचा जीव अळणीत असतो. आलं-लसूण, हळद, मीठ लावून मटण शिजवलं की जे पाणी सुटतं ते अळणी. (नाव अळणी, पण मीठ असतं बरं का. बाहेरच्यांना हे दरवेळी समजावून सांगावं लागतं.) पांढऱ्यात त्याच पाण्याला खसखस, तीळ, काजूचं वाटण आणि नारळाचं दूध. खसखस आज किलोला हजाराच्या वर आहे, म्हणून पहिली कात्री तिला लागते. तिच्या जागी काजू वाढवतात, नाहीतर सरळ कॉर्नफ्लोअर. तुमची "पिठूळ" चव आणि ती साय तिथूनच आली असणार. काजू जास्त झाले की गोडी येते.

दुसरं म्हणजे, नारळाचं दूध घातल्यावर रस्सा खळाखळा उकळला तर फुटतो. मंद आचेवर हलवत उभं राहावं लागतं. रविवारी रात्री दोनशे ताटं काढताना एवढा वेळ कोणाकडे आहे? पीठ घातलं की फुटायची भीती कमी, आचारी मोकळा.

तांबड्याचं म्हणाल तर बेडगी मिरचीने रंग येतो, जाळ संकेश्वरी मिरचीचा. नुसती बेडगी आणि वरून तेलाची तर्री दिली की फोटो झकास येतो.

उत्तर – गंगावेशचा_भावा

व्याह्यांना आधी गंगावेशीत नेऊन म्हशीचं धारोष्ण दूध पाजायचं होतंत. तिथं फसवाफसवी चालत नाही, म्हस समोर उभी असतीया. बाकी एसी लागला की रस्सा थंड होतो, हे आमच्या आज्जीचं मत. तिला एसी माहीत नव्हता तरी.

उत्तर – सुगरण_नाही_मी

दादा, माझ्या सासूबाईंची खानावळ होती, म्हणून दुसरी बाजू सांगते. कोल्हापुरात मटणाच्या दरावरून २०१९ साली आंदोलन झालं होतं, आठवतंय ना? दर त्यानंतरही चढतच गेलाय. आणि ताटात रस्सा मात्र "पाहिजे तेवढा". गिऱ्हाईक मटणाचे चार तुकडे मोजून खातं आणि रस्सा आठ वाट्या पितं. अळणी तर जेवढं मटण तेवढीच निघणार! मग पाणी वाढतं, आणि पाणी वाढलं की दाटपणासाठी काहीतरी घालावं लागतं. ह्यात लबाडी कमी, ओढाताण जास्त.

सांगायचं तर जरूर सांगा, पण गल्ल्यावर चार लोकांसमोर नाही. आणि "पूर्वीसारखं राहिलं नाही" असं तर अजिबात नको. सासूबाई ह्या एका वाक्याने दिवसभर धुमसायच्या. पांढरा गोड लागला, साय धरली, एवढंच सांगा.

मूळ प्रश्नकर्ता – राजारामपुरी_ते_कोथरूड

सगळ्यांचे आभार. गंगावेशच्या भावाचे जास्त.

ताईंच्या सांगण्याप्रमाणे काल दुपारी चारला, गर्दी नसताना, फोन केला. साय धरली एवढंच म्हणालो. पोरगा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "काका, आईचे गुडघे गेलेत. दोन वर्षं ती भटारखान्यात येत नाही. आचारी बाहेरचा आहे." पीठ घालतात का, हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. पण म्हणाला, आदल्या दिवशी फोन करा, दहा-बारा माणसांचं असेल तर आई खुर्ची टाकून बसते आणि समोर करून घेते.

आता लग्नाच्या याद्या करायला व्याही पुढच्या महिन्यात परत येतायत. मी म्हटलं, दहा माणसं सहज होतात, सांगून टाकू. ही म्हणते, आधी आपण दोघंच जाऊन चाखून येऊ. मी म्हटलं, दोघांसाठी मावशी खुर्ची टाकणार नाहीत. त्यावर आमचं अजून चालू आहे.