दिवाळी पहाट नक्की कोणाची, गल्लीची की बॅनरवाल्यांची?

गल्लीतली_मीरा:
स्पष्टच लिहिते, आमच्या गल्लीतली दिवाळी पहाट यंदा बंद करावी असं माझं मत आहे. सोसायटीच्या मीटिंगमधे हे बोलले तर दोन दिवस कोणी माझ्याशी धड बोललं नाही, म्हणून इथे विचारतेय. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, फडके रोडपासून चालत पाच मिनिटं. सुरुवात झाली तेव्हा दोन सतरंज्या, समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंची पेटी, तबल्याला वरच्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा आणि ज्याला जे येतं ते त्याने म्हणायचं एवढंच होतं. किराणा दुकानवाले आजोबा दरवर्षी एकच अभंग घ्यायचे, दरवर्षी दुसऱ्या कडव्याला अडकायचे आणि मग सगळी गल्ली ते कडवं पुढे न्यायची. गाणं झालं की कोणाच्या तरी घरून चहाची किटली, कोणाकडून चकल्या, आणि मग सगळे फडके रोडला गणपतीच्या दर्शनाला.

आता काय, तर स्टेजवर लाइट टांगायचा सांगाडा (ट्रस), एलईडी स्क्रीन, गल्लीच्या तोंडाशी एका इच्छुक उमेदवाराचा हात जोडलेला फ्लेक्स, पुढच्या तीन रांगांत सोफे (त्यावर कोण बसणार ते आधीच ठरलेलं), टीव्हीवरचे गायक आणि आमच्या गल्लीचं नाव दोनदा चुकीचं घेणारा निवेदक. गेल्या वर्षी काकू स्वतःच्या गॅलरीतून बघत होत्या आणि पेटी कपाटावर. गाणं चांगलं झालं, मी नाही म्हणत नाही, पण त्यासाठी आमच्याच गल्लीत का यायचं, कुठलंही मैदान चाललं असतं की.

पहाटवेडा:
ताई, राग समजतो पण बंद करा हे टोकाचं झालं. हेच गायक नाट्यगृहात ऐकायचे तर चार जणांच्या घराला बोनस मोडावा लागतो. इथे रिक्षावाला, दूधवाला, समोरची भाजीवाली सगळे उभं राहून फुकट ऐकतात. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदाही तिकीट काढून गाणं ऐकलं नाही, ललत हा पहाटेचा राग पहिल्यांदा ऐकला तो अशाच एका रस्त्यावरच्या पहाटेला. पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून, तो पूर्वी रात्रभर चालायचा, लोक गोधड्या घेऊन जायचे. आवाजाचे नियम आले आणि रात्रीच्या मैफली आटोपत्या घ्याव्या लागल्या, म्हणजे खुल्या हवेत उत्तररात्रीचे राग ऐकायची सोय जवळपास गेलीच. पहाटेचे तेवढे उरलेत, तेही तुम्ही काढून घेणार?

रात्रपाळी:
मी हॉस्पिटलमधे रात्रपाळी करते, त्यामुळे माझं मत कोणाला आवडणार नाही. गेल्या दिवाळीत आदल्या दिवशीची पाळी लांबली म्हणून मला सुट्टी मिळाली, दोन वाजता झोपले आणि पावणेपाचला खिडकीखाली "हॅलो हॅलो, चेक, चेक, मॉनिटर थोडा वाढव". माझ्या शेजारी अर्धांगवायू झालेले काका आहेत, ते उठून खिडकीही लावू शकत नाहीत. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद हा नियम २००० सालचा आहे, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाची ५५. सुप्रीम कोर्टानेही २००५ साली तो उचलून धरला. डीजेच्या मिरवणुकीवर तुटून पडणारे लोक पेटी-तबला म्हटलं की एकदम हळवे का होतात हे मला खरंच कळत नाही. झोपलेल्या माणसाला अभंगानेही जागच येते.

गल्लीतली_मीरा:
@रात्रपाळी अगदी. म्हणूनच मी म्हणते की माईक काढा. सतरंजी, पेटी, तबला, टाळ. पाचला बसलं तरी कोणाला त्रास नाही.

रात्रपाळी:
नाही हो ताई, २०१० ला त्या नियमात बदल झाला, तेव्हापासून रात्रीच्या वेळात उघड्यावर वाद्यंही त्यात धरलीत. कागदावर बघायला गेलं तर काकूंची पेटीही पाच वाजता बसत नाही.

गल्लीतली_मीरा:
हे माहीत नव्हतं. म्हणजे आमची ती जुनी पहाटसुद्धा २०१० नंतर नियमाबाहेरच चालू होती तर. कोणी तक्रार केली नाही एवढंच, आणि मी मात्र मीटिंगमधे नियमावर भाषण देऊन आले.

साऊंडवाला_पक्या:
ओ थांबा, माझ्या पोटावर पाय देऊ नका. पंधरा वर्षं साऊंड करतोय. एक तर चूक वेळेची आहे, गाण्याची नाही. साउंड चेक आदल्या रात्री ९ च्या आत उरकायचा असतो, पण वायर चोरीला जाईल म्हणून आयोजक रात्री माल लावू देत नाही, वॉचमनचे पैसे वाचवतो आणि मग आम्ही पहाटे चारला टेम्पो लावून सगळ्यांच्या शिव्या खातो. दुसरं म्हणजे भावगीताला बेस लागतच नाही. तीस फुटाच्या गल्लीत दोन बाजूला सात मजली बिल्डिंगी, तिथे मोठा बॉक्स लावला की आवाज भिंतीवरून आदळून परत येतो, पुढच्याच्या कानात दडे आणि मागच्याला शब्द कळत नाही. मग मागचा ओरडतो आवाज वाढवा. छोटे छोटे स्पीकर थोड्या थोड्या अंतरावर स्टँडवर, खाली लोकांकडे तोंड करून लावले तर निम्म्या आवाजात काम होतं. मी हे सांगतो तेव्हा मला म्हणतात, पलीकडच्या वॉर्डात एवढे मोठे लागलेत, आपले छोटे कसे दिसतील. दिसतील! म्हणजे बघा.

पहाटवेडा:
पक्याभाऊ लाख बोललात. आणि वेळेचं म्हणाल तर सहाला सुरू करा की. दिवाळीच्या दिवसांत आपल्याकडे सूर्य साडेसहाच्या पुढेच उगवतो, म्हणजे सहाला सुरू केलं तरी अंधार असतोच, ललत होतो, मग भटियार, आणि उजाडेपर्यंत नाट्यगीतांवर येता येतं. पाचचा हट्ट अभ्यंगस्नानाआधी जायचं का नंतर या घरगुती भांडणातून आलाय.

रात्रपाळी:
सहाला माझी हरकत निम्मी होते. उरलेली निम्मी पक्याभाऊंच्या बॉक्सवर.

चोळेगावकर:
मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. तुम्ही सगळे "आपली गल्ली आपली संस्कृती" म्हणताय ती कोणाची? डोंबिवली आधी आगरी-कोळ्यांची गावं होती, आयरे, पाथर्ली, ठाकुर्ली, आमचं चोळे. माझी आजी लग्नात धवला गाते, हळदीच्या दिवशी बसली की तासनतास, एक शब्द कागदावर नाही सगळं तोंडपाठ. आता तिच्यासारख्या धवलारणी बोटावर मोजण्याइतक्या. तुमच्या पहाटेला मी लहानपणापासून येतो, भूपाळी, अभंग, नाट्यगीत, भावगीत, शेवटी भैरवी. एकदा तरी कोणी माझ्या आजीला विचारलं का? रेल्वेच्या पलीकडे माझा मित्र राहतो त्यांच्या वस्तीत १४ एप्रिलला भीमगीतं होतात, काय आवाज आहेत एकेक, तुमच्यातलं कोण गेलंय ऐकायला? मीराताई, त्या सोफ्यांचा तुम्हाला राग आला तो बरोबर आहे, पण तुमची सतरंजीही आमच्यासाठी जरा लांबच घातलेली होती.

पहाटवेडा:
अरे दादा प्रत्येक कार्यक्रमाचा एक बाज असतो. पहाटेला भूपाळी शोभते, धवला हा लग्नविधीचा भाग, तो स्टेजवर आणला की त्याचाच तमाशा होतो. लालबाग-परळच्या चाळीत कोकणातल्या गिरणी कामगारांनी शक्ती-तुरे (दोन पक्षांचे गाण्यातले सवाल-जवाब) रंगवले, शाहिरांनी रस्त्यावर पोवाडे म्हटले, ते त्या त्या प्रसंगाने आलं. सगळं एका मांडवात कोंबलं की शाळेचं गॅदरिंग होतं.

चोळेगावकर:
"शोभते" हा शब्द बरोबर सापडला तुम्हाला. नाट्यगीत तरी कुठे पहाटेचं होतं, ते नाटकात रात्री म्हणायचे ना? ते उचलून पहाटेला आणलं तेव्हा तमाशा झाला नाही. आणि तमाशा ही शिवी नाहीये बरं का.

पहाटवेडा:
... हा मुद्दा मान्य. तमाशाचा शब्द मागे घेतो. बाकी माझं मत तेच.

ठाण्याचा_बाप्या:
तुमचं बरं चाललंय म्हणायचं, एकच इच्छुक. आमच्याकडे तलावपाळीच्या पहाटेवरून २०२२ साली शिवसेनेचे दोन गट भांडत हायकोर्टापर्यंत गेले. गाणं कोण गाणार यावर नाही, जागा कोणाला यावर. आम्ही आपले राम मारुती रोडला नवे कपडे दाखवायला जातो, गाणं ऐकू येतं का हे गेल्या कित्येक वर्षांत कोणी विचारलेलं नाही. तरी दरवर्षी जातो. न जाऊन सांगतो कोणाला.

साऊंडवाला_पक्या:
इच्छुकाशिवाय करायचं म्हटलं तर स्टेज-एलईडी जाऊ दे, दोन माईक, चार छोटे स्पीकर, एक मिक्सर, माझा खर्च निघाला की झालं. गल्लीत साठ घरं धरली तर घरटी वर्गणी नवरात्रापेक्षा कमी येईल. पण परवानगीचा अर्ज कोणीतरी स्वतःच्या नावाने करायला हवा, तिथेच सगळे मागे सरकतात.

गल्लीतली_मीरा:
बंद करा हे मी मागे घेते, पण अर्धंच. अर्ज माझ्या नावाने टाकते. सहाच्या आधी काही वाजणार नाही, सोफे नाहीत, फ्लेक्स नाही. इच्छुकाला यायचं तर सतरंजीवर बसावं आणि येत असेल तर एक अभंग म्हणावा. काकूंना सकाळीच विचारलं तर म्हणाल्या भाता फाटलाय, दोन सूर लागत नाहीत, पण म्हणताना डोळे चमकले. पेटी दुरुस्त करणारं जवळपास कोणी असेल तर सांगा. आणि @चोळेगावकर, तुझं बोलणं लागलं. विचारलं नव्हतं हे खरं आहे. आता विचारते, आजी येतील का? लग्नाचं गाणं दिवाळीत चालत नसेल तर ते त्याच सांगतील.

चोळेगावकर:
विचारून बघतो. आधीच सांगतो, ती माईक हातात धरणार नाही, खुर्चीवर बसणार नाही, आणि एकटी गाणार नाही, मागे झेलायला दोघीतिघी लागतात. त्यातल्या एकीशी तिचं गेल्या लग्नापासून बोलणं बंद आहे.