पिवळ्या तापाची लस नागपुरात कुठं मिळते?

राम राम मंडळी, मदत हवी आहे. आमचा लहाना भाऊ बोअरच्या गाडीवर ऑपरेटर म्हणून युगांडाला चालला. तिथं पिवळ्या तापाच्या (यलो फिव्हर, कावीळ नव्हे) लसीचं कार्ड लागतेच, अन् टोचल्यावर 10 दिवसांनी ते लागू होते. इथं दारव्ह्याकडे मेडिकलवाल्याला विचारलं तर त्यानं काविळीचं औषध काढून दाखवलं! सरकारमान्य केंद्रातच मिळते म्हणे. नागपुरात कोण्या दवाखान्यात, कोणत्या वारी देतात? नंबर आधी लावा लागते का? सोयाबीन सोंगणीवर आलं, मुंबईची वारी नको.

खरी काळजी वेगळीच. अंडं खाल्लं की त्याच्या अंगावर गांधी उठतात, अन् ही लस कोंबडीच्या अंड्यातच वाढवतात. असं असून कोणी टोचली का? की डॉक्टर सूट लिहून देतात, अन् ती विमानतळावर चालते?