मदत हवी आहे: ड्रायव्हरचा कोड आवरताना वागणूक बदलली नाही, याची खात्री कशी करता?

नमस्कार मंडळी,

महाप्याला एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत फर्मवेअरचं काम करतो. आमचा बोर्ड आरएस-४८५ या तारेच्या जोडणीवरून, मॉडबस या प्रोटोकॉलने वीजमीटर वाचतो. बोर्डाच्या तीन मॉडेलसाठी यूएआरटी (तारेवर एकेक बिट पाठवणारा-घेणारा चिपमधला भाग) ड्रायव्हरच्या तीन फाइली आहेत, निम्म्याहून जास्त कोड सारखाच. तो एकत्र करायचं काम माझ्याकडे आलंय. नवीन काही घालायचं नाही, आहे तेच नीट लावायचं. आणि नेमकी त्याचीच धास्ती वाटते.

एक जागा सांगतो. या चिपच्या इंटरप्ट स्टेटस रजिस्टरमध्ये (कोणकोणते इंटरप्ट, म्हणजे 'हातातलं काम थांबवून इकडे बघ' असे इशारे, आलेत ते इथे दिसतं) जो बिट पुसायचा, तिथे १ लिहावा लागतो. जुना कोड तेवढाच बिट थेट लिहितो. बाकी सगळीकडे 'वाचा, बिट लावा, परत लिहा' असं हेल्पर फंक्शन आहे. एकसारखं दिसावं म्हणून तेच इथे वापरलं, की वाचताना १ असलेले इतर बिटही पुसले जाणार, म्हणजे एखादा इंटरप्ट न हाताळताच गायब. कंपायलर काही बोलत नाही आणि रिव्ह्यूत हा बदल उलट सुधारणाच वाटतो.

दुसरी जागा वेळेची. 'बफर रिकामा' फ्लॅग लागतो तेव्हा शेवटचा बाइट अजून तारेवरून जायचाच असतो; ९६०० बॉडला १० बिटांना १ मिलिसेकंदाहून थोडं जास्त लागतं. जुन्या कोडात इथे एक बिनकामाचा वाटणारा लूप आहे आणि मगच ट्रान्सीव्हरची (तारेवर पाठवणाऱ्या-ऐकणाऱ्या चिपची) दिशा पाठवण्यावरून ऐकण्याकडे बदलते. लूप काढला तर संदेशाच्या शेवटी असलेल्या सीआरसीचाच (चूक ओळखायच्या तपासणी-आकड्याचा) बाइट कापला जाईल. 'ट्रान्समिशन पूर्ण' फ्लॅगची वाट बघणं हा खरा उपाय, पण त्याने वागणूक बदलते. तो पॅच वेगळाच द्यायला हवा, यावर मी ठाम आहे.

नुसती नावं बदलली किंवा कोड हलवला, तर फंक्शनवार डिसअसेंब्ली (मशीन कोडचं वाचता येईल असं रूप) ताडून बघतो. जिथे मशीन कोड बदलणारच, तिथे रजिस्टरचं प्रत्येक वाचन-लेखन रॅममध्ये नोंदवून दोन्ही आवृत्त्यांचा क्रम जुळवायचा विचार आहे. घोडं इथेच अडलंय: इंटरप्ट दर वेळी वेगळ्या जागी येतो, त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन नोंदीही जुळत नाहीत. नोंदवण्याने वेळही लांबतो, म्हणून दिशेची पिन लॉजिक अ‍ॅनालायझरवर (सिग्नल कधी बदलला ते दाखवणाऱ्या उपकरणावर) वेगळी बघणार आहे.

तुम्ही इंटरप्टमधल्या नोंदी बाजूला काढून ताडता, की सिम्युलेटरवर ठरवलेल्या क्षणीच इंटरप्ट देता? त्यासाठी क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये यूएआरटीचं मॉडेल स्वतः लिहिणं छोट्या टीमला परवडतं का? ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कुणी असेल, तर सुटल्यावर भेटायलाही येईन.