प्रतिसाद: स्प्रिंग एअर रायफलसाठी पक्का माउंट

माउंटचे (स्कोप रायफलवर धरून ठेवणाऱ्या पकडीचे) स्क्रू घट्ट करूनही स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, मागे का सरकतो, असं एकाने विचारलंय. दोष बहुधा स्कोपचा नसतो. स्प्रिंग रायफल आधी मागे आणि आतला हवा दाबणारा पिस्टन थांबताच पुढे झटका देते. त्या पुढच्या झटक्यात स्कोप धरणाऱ्या दोन सुट्या रिंगा ११ मिमी डोव्हटेलवरून (रायफलवरच्या खाचेच्या रेलवरून) मागे घसरतात. एकसंध माउंटच घ्या, स्टॉप पिन (रायफलच्या भोकात अडकून माउंट सरकू न देणारी खिळी) असलेला. क्विक रिलीज (झटपट काढता येणारा माउंट) इथे नकोच! रेल स्पिरिटने पुसा, पिन रायफलच्या भोकाच्या मागच्या कडेला टेकवा, मगच क्लॅम्प आवळा. पिन जास्त लांब असेल तर माउंट उचलला जातो, हे हमखास नजरेतून सुटतं. रिंगांचे स्क्रू आलटून-पालटून, साधारण २ न्यूटन-मीटरपर्यंतच. त्यापुढे स्कोपची नळी चेपते.